ग्लॅडिओलस, निशिगंध, डेलियाचे कंद – आठ महिन्यांनंतर लिहितेय
कंद लावले त्याला आठ महिने झाले. ग्लॅडिओलस दहा, निशिगंध सहा, डेलिया तीन. फुलं येऊन गेली, कंद काढून वाळवून झाले, मगच लिहायला बसले, कारण पाकिटावरच्या फोटोवरून काहीच कळत नाही.

ग्लॅडिओलसला पैकीच्या पैकी मार्क. दहाही उगवले. 10-12 सेंमी खोल लावले आणि सगळे एकदम न लावता 15-15 दिवसांनी तीन वेळा लावले, त्यामुळे फुलं जवळजवळ दीड महिना पुरली. पहिला दांडा साधारण 80 दिवसांनी आला. खालची कळी उमलायला लागली की कापायचा, वरच्या कळ्या पाण्यात ठेवल्यावर उमलत जातात, पण कापताना चार पानं तरी झाडावर राहू द्या, नवा कंद त्यांच्याच जिवावर पोसतो. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे समजा. माझ्या उशिरा लक्षात आलं आणि शेवटचे दोन दांडे कळीतच वाळून गेले, फार हळहळ वाटली.

डेलियाने निराश केलं. एकाला डोळाच नव्हता, नुसतं रताळ्यासारखं जाड मूळ, त्याला कोंब फुटणार कुठून? डोळा असतो जुन्या खोडाच्या बुडाशी, घेताना तेवढं बघाच. दुसरा सडला, ती चूक माझी, कोंब दिसायच्या आधीपासून रोज पाणी घालत होते. तिसऱ्याचा शेंडा चार जोड्या पानं आल्यावर खुडला, काठी लावली, आणि त्या एका झाडाने मला इतकी फुलं दिली की बाकी दोघांचं दुःख विसरले.

निशिगंधाचे चार फुलले, संध्याकाळनंतर काय वास येतो! दोन बारीक कंदांना नुसती पानं आली. एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, पण शेजारची पिल्लं, म्हणजे त्याला फुटलेले छोटे कंद, मोठी झाली की ती फुलतात, म्हणून उपटून टाकू नका.

पानं पिवळी पडल्यावर ग्लॅडिओलस खणला तर जुना कंद सुकून चपटा झालेला, त्याच्यावर नवा टपोरा बसलेला आणि भोवती वाटाण्याएवढी पिल्लं! दहाचे तेरा मोठे कंद निघाले. सावलीत तीन आठवडे वाळवून जाळीच्या पिशवीत टांगलेत. पिल्लांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, तरी सगळी जपून ठेवलीयत.

परत घेईन का? डेलिया घेईन, पण पाकिटातला नाही, सुटा, हातात धरून डोळा बघून. बाकीचे आता घरचेच आहेत.