२७,८९० रुपयांना पडलेला भागाकार

ऑनलाइन घेतलेल्या पियानोवादनाच्या एका जुन्या टेपचे १८,५००. मग ‘कस्टम’चे ६,२४०. मग ‘विम्या’चे ३,१५०. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा खातं वेगळ्या नावाचं. ही तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे, मलाही होती. सरकारी कस्टम कुणा खासगी माणसाच्या क्यूआर कोडवर भरत नाहीत, हे कळत असून भरलं.

माल काय, तर विख्यात पियानोवादक मार्था आर्गेरिचचं १९६० सालचं, कोलोन रेडिओवरचं ‘कधीच बाहेर न आलेलं’ थेट वादन. मूळ टेपवरून केलेली पहिली प्रत, सोबत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइल्स. थाप पचली, कारण ती निम्मी खरी होती. १९५७ मध्ये, सोळाव्या वर्षी, बोल्झानो आणि जिनिव्हा अशा दोन्ही स्पर्धा तिने जिंकल्या. १९६० मध्ये जर्मन रेडिओसाठी ती खरंच वाजवत होती आणि त्यातलं काही डॉइच ग्रामोफोन या रेकॉर्ड कंपनीने २०१६ मध्ये काढलं. मग आणखी एखादी टेप कुठे पडून असेल, असं वाटलं तर त्यात काय चुकलं? दिनू लिपाट्टी या पियानोवादकाच्या नावावर शोपँचा ई मायनर कॉन्चेर्तो वर्षानुवर्षं विकला गेला. १९८१ मध्ये उघड झालं की वाजवणारी हालिना चेर्नी-स्तेफान्स्का होती. तिथे भल्याभल्यांचे कान फसले.

पण माझा कान नव्हे, भागाकार चुकला. म्हणजे केलाच नाही. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: एकच रीळ, वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर, वादन ६८ मिनिटं. रेडिओच्या मोठ्या रिळात साधारण १,००० मीटर टेप बसते. १,००० भागिले ०.३८ म्हणजे २,६३२ सेकंद, जेमतेम ४४ मिनिटं. ६८ मिनिटांना दीड हजार मीटरच्या वर टेप लागेल. चौथीतलं पोर सांगेल. मी मात्र तो आकडा तीनदा वाचला आणि ‘वा, एवढं मोठं वादन!’ म्हणून पैसे पाठवले.

आलं ते घरगुती मशीनचं १८ सेंटिमीटरचं रीळ, चार ट्रॅकवालं. रेडिओची मोनो टेप पूर्ण रुंदीवर, एकाच दिशेने भरलेली असते. ही पूर्ण रुंदीच्या हेडवर लावली की पियानोच्या मागे दुसऱ्या बाजूचं उलटं संगीत ऐकू येतं.

फाइल्स तर त्याहून वाईट. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र, उघडा: ९६ किलोहर्ट्झची फाइल आणि १६ किलोहर्ट्झच्या वर सगळा काळोख, म्हणजे वरचा भाग गाळणारी एमपीथ्री फुगवलेली. पियानो मोनो, टाळ्या स्टिरिओ. प्रत्येक तुकड्यानंतर तोच माणूस त्याच जागी खोकतो. वेग एक टक्क्याने वाढवलेला, स्वर सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर. तो उतरवून २०१६ च्या अल्बमशी जुळवलं, एकाची फेज उलटी, म्हणजे ध्वनिलहर पालथी, करून दोन्ही एकत्र वाजवलं (सारखा आवाज असला की एकमेकांना खोडतो), तर पियानो जवळजवळ विरून गेला. उरल्या त्या टाळ्या.

हे सगळं पैसे देण्याआधी करता येतं. तीस सेकंदांचा नमुना मागा, तोही एमपीथ्री नको. रीळ मशीनवर फिरतानाचा व्हिडिओ मागा, नुसता फोटो नको. ‘१९६० ची मूळ टेप’ म्हणून दिलेल्या फाइलमध्ये १९ किलोहर्ट्झवर बारीक सरळ रेघ दिसली, तर तो स्टिरिओ एफएमचा पायलट टोन, म्हणजे स्टिरिओ प्रसारणासोबत जाणारा खुणेचा सूर, आणि जर्मनीत स्टिरिओ प्रसारण सुरूच झालं १९६३ मध्ये.

तक्रारीचं ऐका. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. विक्रीच्या साइटने ‘माल पोहोचला’ म्हणून तक्रार चार तासांत बंद केली. पोलीस ठाण्यात विचारलं, “टेप आली ना? वाजते ना? मग फसवणूक कसली?” स्पेक्ट्रोग्रामची छापील पानं पुढे केली तर साहेब म्हणाले, “हा ईसीजी कुणाचा?” मग दिवाणी बाब आहे, वकील गाठा. मग हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात गेल्यावर, पहिल्यांनीच घ्यायला हवी होती. पाच खेपा, आणि हातात पोच म्हणून एक चिठ्ठी, तिच्यावर वस्तूचं नाव ‘कॅसेट’. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात. मी नऊ दिवस टेपची वाट बघत बसलो, तोवर खाती रिकामी.

परवा नवी जाहिरात दिसली. फोटो तोच, वर्ष १९५८. एकच रीळ, वेग ३८, वादन ७२ मिनिटं.