तपासल्याशिवाय पाना न लावणारं गॅरेज, चिपळूण

मी गुरांच्या दवाखान्यात काम करतो. चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर रोजचं फिरणं, आणि बोलावणं येतं ते बहुतेक अवेळीच. गाय अडली असेल तर माझी मोटरसायकल सुरू होईपर्यंत ती थांबू शकत नाही. त्यामुळे मेकॅनिककडून मला एक गोष्ट हवी असते: गाडी का सुरू होत नाही याचं नेमकं कारण. ते या गॅरेजात मिळतं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन गाड्या जेमतेम आत उभ्या राहतील एवढी. चालवणाऱ्यांना सगळे मेस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझी गाडी दीडशे सीसीची, फ्युएल इंजेक्शनची, किक नसलेली. पावसाळा लागला तशी ती सकाळी त्रास द्यायला लागली. सेल्फ दाबला की 'कट्ट' असा एकच आवाज, पुढे काही नाही. कधी चार वेळा दाबल्यावर चालू व्हायची, कधी ढिम्म. एका ठिकाणी बॅटरी संपली म्हणून नवी घालून दिली. काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी गाडी न उघडताच स्टार्टर मोटर, म्हणजे सेल्फ दाबल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, गेली म्हणून सांगितलं आणि हजारांतला खर्च ऐकवला.

मेस्त्रींनी आधी प्रश्न विचारले. रात्री गाडी कुठं असते, उघड्यावर की पडवीत? समुद्राकडच्या गावांत जाता का? गरम असताना सुरू होते का? सेल्फ दाबल्यावर हेडलाइट मंद होतो का? हा शेवटचा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. जनावर स्वतःचं दुखणं सांगत नाही, म्हणून आम्ही मालकाला खोदून खोदून विचारतो. मेस्त्रींचं विचारणं अगदी त्याच जातीचं होतं, आणि तिथंच माझा विश्वास बसला.

हेडलाइट मंद होत नव्हता. मेस्त्री म्हणाले, "डॉक्टर, बॅटरी मेली असती तर लाइट बसला असता. करंट आहे, पण मोटरपर्यंत पोचत नाही."

किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा आणि फ्यूज त्यांनी झटपट बघून घेतले. मग व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर काढला. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ दाबून धरल्यावरही १२ च्या खाली गेली नाही. दमलेली बॅटरी अशा वेळी ९ च्याही खाली येते. आणि मोटर जाम असती तर तिनं इतका करंट ओढला असता की चांगल्या बॅटरीचाही आकडा पडला असता. हे सगळं ते मला आकडा दाखवत सांगत होते.

पुढची तपासणी मला फार आवडली. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाले सेल्फ दाबा. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिनशी असलेला जोड, नीट असेल तर इथं जवळजवळ शून्य दिसायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या आतच. आम्हाला चारच्या वर दिसले. म्हणजे मोटरच्या वाट्याचे चार व्होल्ट वाटेत कुठंतरी गळत होते. खात्रीसाठी त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला लावली. सेल्फ दाबताच गाडी सुरू झाली. मगच पाना हातात घेतला. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला जिथं बोल्टनं आवळलेली असते, तिथं वायरच्या कडीखाली हिरवट-पांढरा थर साचला होता. खारी हवा, चिखल आणि पाऊस यांचं काम. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू घासल्या, बोल्ट आवळला, वर पेट्रोलियम जेली लावली, आणि पुन्हा मीटर लावून ०.१ दाखवलं. दुरुस्तीनंतर तीच तपासणी परत करून दाखवणारा माणूस मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शेवटी इंजिन चालू ठेवून चार्जिंगही बघितलं, १४.१ व्होल्ट. बिल २०० रुपये, सुट्या भागांचा खर्च काही नाही.

माझं काम चाललं असताना एक मुलगा जुनी स्प्लेंडर ढकलत घेऊन आला. किक मारून घामाघूम झालेला. तिथं मेस्त्रींची रीत वेगळी होती. इंजिन फिरतंय, पण सुरू होत नाही, मग आधी ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग खोलायचा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय, करंटकडे बघा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. त्याचा कोरडा निघाला. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून खालचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतलं, तर तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसला. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं, पाऊस तिथून आत जात होता. नुसता कार्बोरेटर साफ करून त्याला सोडला असता तर आठवड्यात तो परत आला असता. मेस्त्रींनी टाकी रिकामी केली आणि झाकणाचं रबर बदललं. प्लग बदलला नाही, घासून तोच परत बसवला.

२२ जुलै २०२१ च्या पुरात अर्ध्या चिपळूणच्या गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हाही मी इथंच गाडी आणली होती, आधीची, किकवाली. मेस्त्री येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होते, सेल्फ मारू नका, किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. त्यांनी प्लग काढून मग हलक्या हातानं किक फिरवली, प्लगच्या भोकातून गढूळ पाणी बाहेर आलं. पाणी मिसळून ऑइल दुधाळ झालं होतं. ते काढलं, नवं घालून थोडा वेळ इंजिन चालवलं आणि तेही ओतून दिलं. ती गाडी त्यानंतर मी आणखी बरीच चालवली.

उणिवाही सांगतो. बसायला जागा नाही, पावसात छत्री धरून उभं राहावं लागतं. फोन उचलत नाहीत, हात ऑइलचे असतात. गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारा स्कॅनर नाही. इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला आणि मामला सेन्सरचा वाटला, तर ते स्वतःच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला सांगतात, उगाच कनेक्टर उपटत बसत नाहीत. माझ्या लेखी हा गुणच आहे. दोष सापडला नाही तरी तपासणीचे १०० रुपये घेतात, यावरून काही जण कुरकुरतात. मला ते पैसे रास्त वाटतात. अर्धा तास डोकं चालवण्याची किंमत नसेल, तर माणूस सुटा भाग विकूनच कमाई करणार.

गाडी सकाळी लवकर न्यावी, आणि रात्रभर थंड राहिलेली असताना, निघायच्या आधी दहा वेळा सेल्फ मारून बॅटरी न संपवता. दुपारी एक ते तीन बंद असतं. गणपतीत गौरी जाईपर्यंत शेड उघडत नाही, त्यामुळे मुंबईहून येणाऱ्यांनी गाडी चतुर्थीच्या चार दिवस आधीच दाखवून घ्यावी.