आठ महिने, चार परगावच्या मॅच आणि एक २८ लिटरची बॅग

ही बॅग मी सप्टेंबर २०२४ मध्ये घेतली. मुलीला अकरावं लागलं होतं आणि तिला टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी टीमची मॅच टीव्हीवर नाही, अरीनात (बंदिस्त स्टेडियममध्ये) बसून बघायची होती. आम्ही कॅनडात, टोरोंटोजवळ मिसिसागाला राहतो, म्हणजे लीफ्सचं अरीना तसं घरापासून जवळ, पण तिथल्या तिकिटांचे भाव घरातल्या तिघांसाठी झेपणारे नाहीत. अमेरिकेतलं बफेलो मात्र गाडीने दोनेक तासांवर. तिथलं तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडतं, म्हणून लीफ्सचे पाठीराखे शेकड्यांनी सीमा ओलांडून तिकडे जातात. आम्हीही तेच ठरवलं: टीमच्या मागे परगावी जायचं.

आठ महिन्यांत चार प्रवास झाले. ९ ऑक्टोबरला सीझनची पहिलीच मॅच मॉन्ट्रियलला, २० डिसेंबरला बफेलो, १५ एप्रिलला पुन्हा बफेलो आणि १ मे रोजी ऑटवा. मधल्या काळात हीच बॅग रोज ऑफिसला नेली. त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीने लिहू शकते.

बॅग पाठीवरची, गडद निळी, रिकामी असताना साधारण किलोभर वजनाची. सूटकेससारखी तीन बाजूंनी पूर्ण उघडते, आणि मी ती याच गोष्टीसाठी घेतली. वरून तोंड असलेल्या बॅगेत एक मोजा काढायला सगळा संसार बाहेर येतो. ही पलंगावर आडवी उघडली की डावीकडे माझे कपडे, उजवीकडे मुलीचे, आणि एका नजरेत काय राहिलं ते दिसतं. दोघींचं एका रात्रीचं सामान, थंडीच्या कपड्यांसकट, व्यवस्थित बसतं. नवराही बरोबर असला तर मात्र दुसरी बॅग लागते. तिघांचं सामान यात कोंबू नका, शिवणी ताणतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाठीवरची बॅग घेऊन एनएचएलच्या (लीफ्स खेळतात त्या हॉकी लीगच्या) अरीनात जाता येणार नाही, असंच धरून चाला. किती मापाची पर्स चालते हे अरीनागणिक बदलतं, लहान बाळाच्या आणि औषधांच्या पिशव्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळा नियम असतो. म्हणून निघायच्या दिवशी त्या अरीनाच्या संकेतस्थळावर जाऊन वाचा, मागच्या वर्षीचं कुणी सांगितलेलं गृहीत धरू नका. याचा अर्थ असा की तुम्ही कितीही चांगली बॅग घ्या, मॅचच्या तीन तासांत ती गाडीत किंवा हॉटेलवर पडून राहणार आहे. त्या तीन तासांत तुमच्याजवळ काय आहे, ते जॅकेटच्या खिशांवर ठरतं.

म्हणूनच या बॅगेतली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे आतली छोटी पिशवी. दोन बटणांवर अडकवलेली असते, ओढली की सुटते. तळहाताएवढी, चपटी. जॅकेटच्या आतल्या खिशात जाते. तिच्यात मी पासपोर्ट, पीआर कार्ड (कॅनडाच्या कायम रहिवासाचं), बँकेचं कार्ड, छोटी पॉवर बँक, वायर, दोन डोकेदुखीच्या गोळ्या आणि मुलीचा इन्हेलर ठेवते. घरून निघताना ती एकदा भरली की परत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, तिच्यातली वस्तू वापरून झाली की तिथेच परत. हा नियम मुलीलाही पाठ झालाय.

पॉवर बँक का, तर तिकिटं आता फोनवरच असतात. कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. शिवाय सीमेपलीकडे आपल्या फोनला इंटरनेट असेलच असं नाही, म्हणून तिकिटं घरी वायफायवर असतानाच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. रोख पैसे बऱ्याच अरीनांत घेत नाहीत, कार्ड हवंच.

बफेलोला जाणाऱ्यांसाठी सीमेवरची कागदपत्रं. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे पीआर कार्डाबरोबर अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) काढावा लागतो. आय-९४ चा अर्ज आधी ऑनलाइन भरता येतो, डिसेंबरात मी भरला तेव्हा ६ डॉलर पडले होते. मुलीचा पासपोर्ट कॅनडाचा, तिला यातलं काही नको. पण डिसेंबरात नवऱ्याची रात्रपाळी होती, आम्ही दोघीच गेलो, तेव्हा त्याच्या सहीचं संमतीपत्र बरोबर घेतलं होतं. मूल एकाच पालकाबरोबर सीमा ओलांडत असेल तर हा कागद जवळ असू द्या. मागतीलच असं नाही, पण मागितला आणि नसला तर गाडीत मागे बसलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. हे सगळे कागद त्या छोट्या पिशवीत घडी करून मावतात.

आता जर्सी. बाहेरच्या लोकांना वाटतं जर्सी म्हणजे टीशर्ट, घडी घातली की झालं. तसं नाही. छातीवरचं मेपलचं पान, म्हणजे टीमचं चिन्ह, जाड कापडाचं, शिवून बसवलेलं असतं, पाठीवरचे आकडेही तसेच. आडवीतिडवी दुमडली की पानावर पांढरी रेघ उठते आणि ती जात नाही. मी जर्सी उलटी करते, बाह्या आत घेते आणि पान अख्खं सपाट राहील अशी फक्त खालून एकच घडी घालते. मग ती बॅगेच्या पाठीकडच्या, लॅपटॉपच्या कप्प्यात उभी सरकवते. तो कप्पा कडक असल्याने घडी हलत नाही. या कामासाठी तो कप्पा कुणी बनवला नसेल, पण मला त्याचा हाच उपयोग सर्वात मोठा झाला. जर्सी घेताना एक माप मोठं घ्या, आत फ्लीस घालावंच लागतं. बर्फाजवळच्या रांगांत बसलात तर गुडघ्यांपासून गारवा वर चढत जातो.

आमच्याकडे दोन जर्सी आहेत, निळी आणि पांढरी. मुलीचा आग्रह असतो की परगावी पांढरीच. एनएचएलमध्ये २००३-०४ च्या सीझनपासून घरची टीम गडद रंगात आणि पाहुणी टीम पांढऱ्यात खेळते, त्यामुळे लीफ्स बाहेर खेळतात तेव्हा बहुधा पांढऱ्यात असतात. "आई, ते जे घालणार तेच मी घालणार." तिचं म्हणणं मला पटतं. पण पांढरी जर्सी आणि आपला प्रवासातला डबा यांचं जमत नाही. मॉन्ट्रियलला जाताना कैरीच्या लोणच्याची बाटली वरच्या खिशात ठेवली होती, दोन पिशव्यांत गुंडाळून. टोरोंटोहून मॉन्ट्रियल आगगाडीने पाचेक तास, बाटली आडवी झाली, तेल पाझरलं. खिशाचं अस्तर पातळ, त्यातून ते आतल्या डाव्या बाहीवर उतरलं. रुपयाएवढा पिवळा डाग. हॉटेलच्या बेसिनमध्ये साबण लावून मी अर्धा तास चोळत बसले होते. फिकट झाला, गेला नाही. त्या रात्री लीफ्स १-० ने हरले, मॉन्ट्रियलच्या गोलकीपरने ४८ शॉट अडवले, आणि मुलगी परत येताना त्या डागावरून बोट फिरवत गप्प बसून होती. माझ्या मनाला ते फार लागलं. तेव्हापासून जर्सीला स्वतंत्र सुती पिशवी आणि डब्यात लोणचं बंद. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ न्यायचा. अरीनात बाहेरचं खाणं नेता येत नाही, तेव्हा गाडीतच खाऊन आत जायचं. अमेरिकेत शिरताना मांस आणि ताजी फळं बरोबर नकोत, आणि जे काही खाणं असेल ते विचारल्यावर सरळ सांगून टाकायचं.

बॅगेची खरी परीक्षा डिसेंबरात झाली. एरी सरोवराचं पाणी तेव्हा गोठलेलं नसतं, त्यावरून गार वारा आला की तो ओल उचलतो आणि काठावरच्या गावांवर बर्फ ओततो. बफेलोचं अरीना सरोवराच्या अगदी जवळ आहे. मॅच लीफ्सने जिंकली, बाहेर आलो तर वारा तोंडावर सुया टोचल्यासारखा. गाडीशी पोचल्यावर मुलीचे कोरडे मोजे काढायला बॅग उघडायला गेले तर चेन हलेना. पाणी आत जाऊ नये म्हणून या चेनला रबरासारखा थर दिलेला आहे, तो थंडीत ताठरतो. हातमोजे घालून ओढली आणि रनरचा छोटा पत्रा तुटून हातात आला. हातमोजे काढून, नखाने रनर सरकवत, बोटं बधिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली. त्या वेळात पोरगी ओल्या पायांनी उभी होती. ज्या बॅगेची जाहिरात हिवाळ्यातल्या प्रवासासाठी म्हणून केली जाते, तिची चेन हातमोज्याने उघडता येऊ नये, हा मोठा दोष आहे आणि त्यासाठी मी एक तारा पूर्ण कापते. कंपनीला फोटो पाठवले. तुटलेल्या रनरबद्दल वॉरंटी लागू नाही असं उत्तर आलं.

दिवाळीपासून सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांनी तुटलेला रनर बघितला आणि म्हणाल्या, "अगं, नाडी बांध की त्याला. माझ्या परकराची देते." त्यांनी वीतभर नाडी कापून रनरच्या भोकातून ओवली, दुहेरी गाठ मारली आणि टोक मेणबत्तीवर धरायला लावलं, सुटू नये म्हणून. वर चेनवर तीच मेणबत्ती घासली. तेव्हापासून चेन एकदाही अडली नाही, आणि पांढरी नाडी अंधारातही हाताला लागते. आता सगळ्या चेनना मी नाड्या बांधल्यात. सासूबाई जानेवारीत इचलकरंजीला परत गेल्या. व्हिडिओ कॉलवर अजून विचारतात, नाडी टिकली का.

एप्रिलच्या बफेलोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण सगळं सुरळीत झालं. मंगळवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा, त्यामुळे मुक्काम न करता रात्रीच परतलो. बॅग निम्मी रिकामी होती. लीफ्स ४-० ने जिंकले आणि अटलांटिक डिव्हिजनमधला, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटातला, पहिला नंबर पक्का झाला. १९६७ नंतर स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) न जिंकलेल्या टीमच्या पाठीराख्यांना एवढा आनंदही पुष्कळ असतो.

ऑटवाला मात्र तिघंही गेलो. प्लेऑफमधली, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीतली, सहावी मॅच, जिंकलो तर मालिका आपली. मुलीच्या वाढदिवसाचे आणि दिवाळीचे मिळून साठवलेले पैसे, वर आमचे, तेव्हा तिकिटं जमली. आमच्याकडून ऑटवा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि अरीना मूळ शहरात नाही, पश्चिमेला कॅनाटात आहे. चहूबाजूंनी पार्किंग. मॅच सुटल्यावर तिथून गाडी बाहेर काढायला बराच वेळ लागतो, म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि उरलेल्या दशम्या बॅगेत सर्वात वर ठेवा. मी तशाच ठेवल्या होत्या. १ मे, महाराष्ट्र दिन, म्हणून सकाळी निघताना नवऱ्याने शिराही करून दिला होता, तो डबाही वरच.

लीफ्स २-० ने पुढे होते, ऑटवाने २-२ केलं. शेवटची सहा मिनिटंही उरली नसताना मॅक्स पॅचिओरेट्टीने गोल केला आणि शेवटी विल्यम नायलँडरने, ऑटवाने गोलकीपर काढून घेतल्यावर, रिकाम्या जाळ्यात चौथा. परक्या अरीनात आमच्या आसपास पांढऱ्या-निळ्या जर्सीतली अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. शेजारच्या आजोबांनी मुलीला उचलून घ्यायला नवऱ्याला खूण केली. ती खांद्यावर बसली तेव्हा तिच्या डाव्या बाहीवरचा तो फिकट पिवळा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. पार्किंगमध्ये गाड्यांच्या रांगेत बसून आम्ही शिरा खाल्ला. पुढच्या फेरीत फ्लोरिडाकडून सातव्या मॅचला हरलो, पण ती रात्र आमचीच आहे.

आठ महिन्यांनंतर बॅगेची स्थिती अशी: कापड उत्तम, रंग उडालेला नाही, बर्फातलं मीठ लागून खालचा भाग पांढुरका झाला होता तो ओल्या फडक्याने निघाला. बाटलीच्या खिशाचं इलॅस्टिक सैल पडलंय. विमानात अजून नेलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल सांगत नाही. ऑटवाहून आल्यावर उजव्या पट्ट्याच्या मुळाशी शिवण अर्धा इंच उसवलेली दिसली, तिघांचं सामान भरल्याचा तो परिणाम. दाभणाने जाड दोरा घालून दुहेरी टाके घातलेत. पाचपैकी साडेतीन तारे देते, त्यातला एक पूर्ण त्या छोट्या पिशवीचा. पट्टा टिकतोय की नाही ते ऑक्टोबरात मॅच सुरू झाल्या की इथेच लिहीन.