नाण्यांची घनता तपासण्याचा संच: दहा महिन्यांच्या वापरानंतर

सोन्याचांदीची आणि दुर्मिळ नाणी जमवणाऱ्यांसाठी घनता मोजण्याचा एक आटोपशीर संच मिळतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, १०० ग्रॅमचे प्रमाण वजन, काचेचे लहान चंचुपात्र, नाणे टांगण्यासाठी तारेची घोडी, व्यास मोजण्याचा पोलादी कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि धातूंच्या घनतेचा छापील तक्ता एवढे साहित्य त्यात असते. एकाच बनावटीचा हा संच अनेक नावांनी विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा त्याच्या कामाबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिली परीक्षा मी ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याची घेतली. ८३३ कसाच्या (हजारात ८३३ भाग शुद्ध) चांदीचे हे नाणे मूळ प्रमाणानुसार २८.०७ ग्रॅम भरायला हवे, माझे २८.०५ भरले. मग पाणी घातलेले चंचुपात्र काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि घोडीला दोऱ्याने टांगलेले नाणे तळाला किंवा बाजूला टेकणार नाही अशा बेताने पूर्ण बुडवले. काट्याने २.७५ दाखवले, म्हणजे नाण्याने तेवढे ग्रॅम पाणी बाजूला सारले होते. २८.०५ ला २.७५ ने भागल्यावर १०.२० हे उत्तर येते आणि चांदी-तांब्याच्या या मिश्रणाची घनता तेवढीच असते. तेच नाणे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे असते, तर काटा ३.१३ च्या आसपास थांबला असता. हा फरक इतका ठळक आहे की मोजताना थोडी चूक झाली तरी निदान चुकत नाही, आणि मोठ्या चांदीच्या नाण्यांसाठी या संचावर माझा पूर्ण विश्वास बसला तो याच कारणाने.

मात्र हात बसायला वेळ लागतो. नाण्यावरच्या उठावदार अक्षरांच्या खाचांत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, त्यामुळे बाजूला सरणारे पाणी वाढते आणि अस्सल नाण्याची घनताही कमी दिसते. पाण्यात साबणाच्या द्रावणाचा एकच थेंब टाकला आणि नाणे तिरपे करून हळूहळू उतरवले की बुडबुडे धरत नाहीत. पाणी ऊर्ध्वपातित असावे. बाहेर काढलेले नाणे त्याच पाण्यात विसळावे आणि मऊ कापडावर नुसते टिपावे, कारण ते चोळले की चांदीवरची जुनी छटा उडते आणि संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल तिथेच घटते.

लहान सोन्याच्या नाण्यांपाशी संच अडखळतो. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि बावीस कॅरटच्या सोन्याची घनता १७.५ च्या आसपास असते. तेव्हा ते जेमतेम ०.४६ ग्रॅम पाणी सारते. काट्याचा शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे झाला, तर उत्तर १७ पासून पावणेअठरापर्यंत कुठेही पडू शकते. क्रुगरँड हे दक्षिण आफ्रिकेचे सोन्याचे नाणे ३३.९३ ग्रॅमचे असल्याने त्याच्या बाबतीत हीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. सोबतचे प्रमाण वजन १०० ग्रॅमचे आहे, पण आपल्याला खात्री हवी असते ती अर्ध्या ग्रॅमपासून तीन ग्रॅमपर्यंतच्या आकड्यांची. म्हणून एक आणि दोन ग्रॅमची वजने मला वेगळी घ्यावी लागली.

याहून गंभीर मर्यादा आत टंगस्टन आणि वरून सोने असलेल्या बनावट नाण्यांची आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३२ आणि टंगस्टनची १९.२५. एक ट्रॉय औंसाच्या, म्हणजे ३१.१ ग्रॅमच्या, शुद्ध सोन्याच्या नाण्यात दोन्ही धातूंनी सारलेल्या पाण्यात सहा हजारांश ग्रॅमचा फरक पडतो आणि हा काटा तर शंभरांशापर्यंतच मोजतो. छापील तक्त्यात टंगस्टनचे नाव नाही, ही चूक मी किरकोळ मानत नाही. अशा नाण्यासाठी धातूची विद्युतवाहकता मोजणारे यंत्र किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरींची तपासणीच लागते.

माझी खरी तक्रार कॅलिपरबद्दल आहे. त्याचे जबडे पोलादी आणि टोकाशी धारदार आहेत, आणि माझ्या दुसऱ्या एका चांदीच्या नाण्याच्या कडेवर व्यास मोजताना केसाएवढा चरा उमटला, जो भिंगाखाली स्पष्ट दिसतो आणि आता कधीही जाणार नाही. नाण्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात प्लास्टिकचाच कॅलिपर हवा होता. पोलादी कॅलिपर मी बाजूला ठेवला आहे.

संचाच्या वेष्टनावर ‘नाण्याचे मूल्य जाणा’ असे छापले आहे, ते मला मान्य नाही. अमेरिकेचे १९३३ चे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे आणि १९२४ चे तसेच नाणे दोन्ही ३३.४३६ ग्रॅमची आणि ९०० कसाची आहेत, त्यामुळे काटा आणि पाणी त्यांना सारखेच उत्तर देतात. पण १९३३ ची ४,४५,५०० नाणी पाडून जवळजवळ सगळी वितळवली गेली, तर १९२४ ची नाणी सहज मिळतात. माझ्या थालरचेही तसेच आहे. राणी १७८० मध्ये वारली आणि नंतरही तेच साल घालून थालर पाडले जात राहिले, म्हणून १०.२० या आकड्यावरून चांदी खरी ठरली तरी नाणे कधी पाडले ते ठरत नाही. त्यासाठी राणीच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसे मोजावी लागतात. तिथे उपयोगी पडते ते संचातले भिंग. त्याची काच स्वच्छ आहे आणि कडेपर्यंत आकृती वाकडी होत नाही. सगळ्या साहित्यात मला तेच सर्वांत चांगले वाटले.

ज्यांच्याकडे थालर किंवा जुन्या चांदीच्या डॉलरसारखी मोठी नाणी आहेत, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. सॉव्हरिन जमवणाऱ्यांनी त्याऐवजी हजारांश ग्रॅमचा काटा घ्यावा. चंचुपात्र, घोडी आणि दोरा यांची सोय घरीही होते.