लेव्हल २ नी-शिन गार्ड: गुडघ्याला चांगले, बाकी दुकानदाराच्या गप्पा

पुण्यातल्या एका रायडिंग गिअरच्या दुकानातून, बाइक चालवताना गुडघा-नडगीवर बांधायच्या या गार्डची जोडी २,८०० रुपयांना घेतली. दुकानदार म्हणे, "मॅडम, हे घातल्यावर पाय मोडूच शकत नाही." मी भोसरीत टेस्टिंग लॅबमध्ये आहे, दिवसभर यूटीएमवर (ताकद मोजायच्या मशीनवर) सळया ओढून तोडते. त्यामुळे ‘मोडत नाही’ ऐकलं की "किती किलोन्यूटनपर्यंत?" हेच आधी तोंडात येतं.

शिक्का खरा आहे: ईएन १६२१-१ (बाइकस्वारांच्या पॅडचं युरोपियन मानक), लेव्हल २, पुढे ‘के+एल’, म्हणजे गुडघा आणि नडगी. या चाचणीत ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पॅडवर पडतं. ५० ज्यूलचा तडाखा. पॅडखाली पोचणारं बल सरासरी २० किलोन्यूटनच्या आत राहिलं की लेव्हल २. लेव्हल १ ला ३५ पर्यंत चालतं. आणि धडधाकट पुरुषाचं नडगीचं हाड मधोमध आडवं दाबलं तर ४ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे चारेकशे किलोंच्या भाराला मोडतं! चाचणीत पॅडखाली लोखंड असतं, खरा पाय मागे सरकतो, म्हणून हे आकडे थेट समोरासमोर लावता येत नाहीत. पण हाड वाचेलच अशी हमी त्या शिक्क्यात कुठेही नाही.

शिवाय हाड उभ्या दाबाला दणकट आणि पिळाला कच्चं. पाऊल गाडीखाली अडकलं आणि अंग फिरलं की नडगी पिळून तुटते. तिथे वरून बांधलेलं प्लास्टिक काय करणार?

तरी मी हे वापरते, ते गुडघ्याच्या वाटीसाठी. ताम्हिणीत खडीवर गाडी घसरली आणि गुडघा सरळ दगडावर आदळला. गार्डच्या गुडघ्यावरच्या कपावर खोल चरा पडला. मला निळा डाग आणि थोडे दिवस जिना चढताना कळ, बस. नडगीवर तर कातडीखाली लगेच हाडच, मांस नाहीच. तिथली सालटं वाचली तरी पुष्कळ.

पट्टे मात्र भिकार. वरचा पट्टा तासाभरात घसरून गुडघ्यामागे गोळा होतो, कप बाजूला सरकतो, मग लेव्हल कुठलीही असो, उपयोग शून्य. चिखल लागला की वेल्क्रो धरत नाही. एप्रिल-मेमध्ये आतून घामाच्या धारा.

घेताना दुकानात उभ्याने बघू नका, गाडीवर बसून घालून बघा. गुडघा वाकल्यावर कप वाटीवर राहतो का, ते तेव्हाच कळतं.

पाचपैकी साडेतीन. पट्टे धड असते तर चार दिले असते.