ऑपरेशननंतर न खाणारा कुत्रा: रिकव्हरी डबा, सिरिंज, वजनकाटा आणि पसरट ताटली, आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा अनुभव नसबंदी, पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं आणि हाड मोडल्यावर बसवलेली प्लेट, अशा ऑपरेशनांनंतर घरी आलेल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा आहे. आठ महिने सतत वापरात राहिलेल्या वस्तू चारच: रिकव्हरी फूडचा, म्हणजे आजारातून उठणाऱ्या कुत्र्यासाठीच्या तयार मऊ खाण्याचा डबा, १० आणि २० मिलिच्या सिरिंज, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणि उथळ काठाची स्टीलची ताटली. यांत सगळ्यात महाग डबा. पण कुत्रा खरोखर पुरेसं खातोय का, हे फक्त वजनकाटा सांगतो, म्हणून पहिला मान त्याचाच.

वस्तूंकडे वळण्याआधी एक गोष्ट. कुत्रा का खात नाही हे कळल्याशिवाय ताटलीत काय वाढायचं ते ठरवता येत नाही. ‘नखरे करतोय’ हे निदान जवळजवळ नेहमी चुकतं. मळमळ असेल तर तो ओठ चाटतो, पुन्हा पुन्हा आवंढा गिळतो, लाळ गाळतो आणि खाण्याचा वास आला की मान फिरवतो. अशा वेळी चिकन, कलेजी, डबा, काहीही पुढे केलं तरी उपयोग नाही. डॉक्टरांना फोन करून मळमळीवरचं औषध, बहुतेक वेळा मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, सुरू करता येईल का ते विचारावं. दुखत असेल तर चित्र वेगळं दिसतं: ताटलीपर्यंत येतो, हुंगतो, मान खाली घालायला जातो आणि परत जाऊन पडतो. त्याला भूक असते, वाकवत नाही. ताटली ८ ते १० इंच उंच पाटावर ठेवली आणि तरी तेच होत असेल, तर दुखणं कमी करणाऱ्या औषधाबद्दल बोलायला हवं. तिसरं कारण अगदी साधं, गळ्यातला कोन, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून घातलेली शंकूसारखी कॉलर. कोनाची कड ताटलीच्या आधी जमिनीला टेकते आणि तोंड खाण्यापर्यंत पोचतच नाही. खोल वाडग्यात हे हमखास होतं. उथळ ताटलीचं कौतुक त्यासाठीच, शिवाय तिच्यात वास पसरतो. ताटली कोनाच्या व्यासापेक्षा लहान हवी, म्हणजे कोन तिच्यावरून खाली येतो. जेवणाची १० मिनिटं समोर बसून कोन काढला तर आणखी सोपं, मात्र नजर टाक्यांवरून हलवायची नाही.

चौथं कारण आपणच तयार करतो. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक आणि ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध, दोन्ही अत्यंत कडू असतात. गोळी चुरून चिकन-भातात कालवली की कुत्रा दोन घास खातो, कडू लागतं, आणि पुढच्या वेळी चिकन-भाताचा वास आला तरी तोंड वळवतो. दिवसभराचं मुख्य खाणं एका गोळीपायी नासतं. गोळी कधीही मुख्य जेवणात घालू नये. ती वेगळ्या पदार्थाच्या सुपारीएवढ्या गोळ्यात लपवावी, आधी एक रिकामा गोळा, मग औषधाचा, लगेच तिसरा रिकामा. मेलोक्सिकॅमसारखं दुखण्यावरचं औषध मात्र खाल्ल्यानंतरच द्यायचं. कुत्र्याने काहीच खाल्लं नसेल किंवा उलटी झाली असेल, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नये, त्याने जीव जाऊ शकतो.

आता आकडे. आजारी कुत्र्याला पडून राहूनही दिवसाला किमान किती ऊर्जा लागते, याचं सूत्र आहे ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर असं करा: वजन किलोत घ्या, त्याला त्याच आकड्याने दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि ७० ने गुणा. १२ किलोच्या कुत्र्याचं १७२८, मग ४१.५७, मग ६.४५, म्हणजे सुमारे ४५० किलोकॅलरी. २५ किलोच्या लॅब्रॅडॉरला सुमारे ७८०, ५ किलोच्या पॉमला सुमारे २३५. हा आकडा फ्रिजच्या दारावर लिहून ठेवायचा. ‘थोडं खाल्लं’ हे डॉक्टरांना सांगून काही कळत नाही. ‘४५० पैकी १८० खाल्लं’ म्हटलं की कळतं. ताटली वाढताना मोजायची, उरलेली परत मोजायची आणि वजाबाकी लिहायची. काटा घेताना ताटलीचं वजन शून्य करणारं बटण आहे ना, तेवढं पाहावं. काट्यावर ओला हात लागून बटणं बिघडतात, म्हणून वर पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं बरं.

रिकव्हरी डब्याचं काय? हिल्सचं ए/डी आणि रॉयल कॅनिनचं रिकव्हरी ही यातली ओळखीची नावं. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायची खाणी आहेत, दोन्ही मऊ लगद्यासारखी आणि दोन्हींत प्रथिनं आणि चरबी जास्त. ए/डीच्या १५६ ग्रॅमच्या डब्यात साधारण १८० किलोकॅलरी असतात. म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याचा पूर्ण दिवस भागवायला अडीच डबे. एवढा खर्च आठवडाभर चालवणं बहुतेकांना परवडत नाही आणि गरजही नसते. डबा उत्तम चालतो तो सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा कुत्रा थोडंच खाणार असतो आणि त्या थोड्यात जास्त ऊर्जा मावायला हवी असते. नंतर घरच्या खाण्यावर एक मोठा चमचा पसरायला तो पुरतो.

चुका होतात त्या अशा. फ्रिजमधून काढून तसाच वाढला तर त्याला वास येत नाही आणि वर चरबीचा पांढुरका थर दिसतो. वाटी गरम पाण्यात ५ मिनिटं ठेवून तो अंगाच्या तापमानाइतका, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास आणावा. मनगटाच्या आत ठेवून पाहिला तर गरमही लागू नये आणि गारही. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एखादा गोळा चटका बसेल इतका तापतो, म्हणून तो मार्ग टाळलेला बरा. उघडलेला डबा झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. शिवाय चरबी जास्त असल्याने स्वादुपिंडाला सूज असलेल्या कुत्र्याला हा डबा विचारल्याशिवाय देऊ नये. काहींना पहिल्याच दिवशी पूर्ण डबा दिला तर शी पातळ होते.

घरच्या खाण्याचं माप देते, कारण ‘चिकन-भात द्या’ एवढ्यावर बरेच गोंधळ होतात. १२ किलोच्या कुत्र्याला दिवसभरासाठी कातडी काढलेली बोनलेस कोंबडीची छाती २१० ग्रॅम, कच्चीच मोजलेली, आणि तांदूळ ५५ ग्रॅम, तोही कच्चाच. दोन्ही मिळून साधारण ४४० किलोकॅलरी. शिजलेला भात मोजू नका, मऊ भातात पाणी किती आहे त्यावर वजन बदलतं आणि हिशेब फसतो. चिकन नुसत्या पाण्यात शिजवायचं, मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. आपल्या घरांत हात आपसूक आलं-लसूण पेस्टच्या डब्याकडे जातो, तिथेच थांबवायचा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि आधीच रक्त गेलेल्या पायोमेट्राच्या कुत्रीला ते झेपणारं नाही. तयार सूपची पाकिटं आणि चिकन क्यूब यांत कांदा-लसणाची पावडर आणि भरपूर मीठ असतं, तेही नको. चिकन शिजलेलं पाणी टाकू नका. ते गार करून वरची चरबी काढा आणि तांदूळ त्यातच पेजेसारखा शिजवा. चिकन बोटांनी बारीक कुस्करा. मोठे तुकडे ठेवले की कुत्रा चिकन वेचतो आणि भात उरतो. शिजलेलं हाड कधीही नाही.

हे सगळं पाच वाटण्यांत द्यायचं. पहिल्या रात्री, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, नेहमीच्या जेवणाचा पाव भागच वाढावा, कारण भूल पूर्ण उतरली नसताना पोटभर खाल्लं की उलटी होते. कुत्रा ऑपरेशनच्या आधीही तीन-चार दिवस उपाशी असेल, जे पायोमेट्रात नेहमीच दिसतं, तर पहिल्या दिवशी सूत्राच्या एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण, असं डॉक्टरांशी बोलून चढवतात. उपाशी शरीरात एकदम खूप अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं.

चव वाढवायला सगळ्यात भरवशाची ठरली ती बकऱ्याची कलेजी. उकडून, गार करून, किसणीवर किसून १० ग्रॅम ताटलीवर भुरभुरायची. जास्त घातली की शी पातळ. पेलाभर दुधापेक्षा दोन चमचे ताजं दही बरं, अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. सुक्या बोंबलाचा वास कुत्र्याला ओढतो खरा, पण खारवलेल्या मासळीतलं मीठ या दिवसांत नको.

नसबंदीसाठी पकडून आणलेल्या गल्लीतल्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पिंजऱ्यात बहुतेकदा भीतीने खाववत नाही. पिंजऱ्यावर चादर टाकून तीन बाजू झाका, ओळखीचं काहीतरी, चिकनच्या पाण्यात भिजवलेली भाकरी किंवा पोळी, ठेवा आणि निघून जा. समोर बसून चुचकारलं तर ती खात नाहीत. पाळलेल्या कुत्र्यांनाही घरातली चार माणसं घोळका करून बसली की अवघडल्यासारखं होतं. एकाने बसावं, बोटाला थोडं खाणं लावून नाकापाशी किंवा ओठाच्या कडेला टेकवावं. चाटलं तर ताटली पुढे करावी. २० मिनिटांत खाल्लं नाही तर ती उचलायची. दिवसभर समोर पडलेलं खाणं मळमळ वाढवतं. दर तासाला नवा पदार्थ पुढे करणंही नको, मळमळ असताना चाखलेला प्रत्येक पदार्थ नावडीच्या यादीत जातो.

सिरिंजबद्दल मत सगळ्यात कमी अनुकूल आहे. हिशेब पाहा: १२ किलोच्या कुत्र्याचं पूर्ण खाणं डब्यातल्या लगद्याने द्यायचं तर जवळपास ३९० मिलि, एका वेळी ३ मिलि धरले तर १३० वेळा. तेवढ्यात कुत्र्याला तुमचीच भीती बसते. सिरिंज पाण्यासाठी, औषधासाठी आणि चव दाखवायला २–३ मिलि देण्यासाठी ठीक. नळी सुळ्यामागे गालाच्या खिशात, डोकं सरळ पातळीत, तोंड वर करायचं नाही, आणि गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही. खाणं श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. गुंगीत असलेल्या, ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला सिरिंजने काहीही देऊ नये. ५० मिलिची मोठी सिरिंज डॉक्टरांनी बसवलेल्या खाण्याच्या नळीसाठी कामाची. तोंडाने द्यायला नाही, कारण दट्ट्या अडकतो आणि मग एकदम १० मिलि सुटतं. लहान सिरिंजचाही दट्ट्या चार-पाच धुण्यांनंतर घट्ट होतो, रबराला खाण्याच्या तेलाचा एक थेंब चोळला की पुन्हा सरकतो. घरचं चिकन कितीही वाटलं तरी तंतू नळीत अडकतात, ते चहाच्या गाळणीतून काढावं लागतं.

भूक वाढवणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ मिर्टाझापिन, काही कुत्र्यांत छान काम करतात, पण माणसांच्या मेडिकलमधून स्वतः आणू नका. ट्रॅमाडॉल चालू असताना ती दिली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून थरथर, ताप आणि बेचैनी होऊ शकते.

४८ तासांत काहीच पोटात गेलं नाही तर आणखी पदार्थ करून पाहण्यात वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावं. पिल्लू, ५ किलोच्या आतला किंवा मधुमेही कुत्रा असेल तर तेवढंही थांबू नये. आतड्याचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात जपायचा. आतले टाके सुटण्याची शक्यता याच दिवसांत जास्त असते. खायला लागलेला कुत्रा पुन्हा खाणं सोडतो, ओकतो, पोटाला हात लावू देत नाही, ताप १०३ फॅरेनहाइटच्या वर जातो, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. शी मात्र दोन-तीन दिवस झाली नाही तर घाबरू नका. आतडी रिकामीच असतात आणि दुखण्यावरच्या औषधांनी ती मंदावलेलीही असतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी ताटली चाटून पुसून साफ व्हायला लागली की नेहमीच्या खाण्याकडे वळा. पहिले दोन दिवस पाव भाग ड्राय फूड, गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून, मग अर्धं, मग पाऊण. चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतं, त्यामुळे प्लेट बसवलेल्या कुत्र्याला आणि वाढत्या पिल्लाला तो महिनाभर देत राहू नये. काटा कपाटात परत ठेवण्याआधी आठवड्यातून एकदा कुत्र्याचं वजनही घ्या: त्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहा.