सॉमरसेट पेट्रिअट्सचं मैदान, ब्रिजवॉटर: टाळं लागलं तेव्हा सापडलेला बेसबॉल

न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे ह्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना ब्रिजवॉटर म्हटलं की बालाजी मंदिर आठवतं आणि मंदिराच्या कॅन्टीनमधला डोसा. आम्हीसुद्धा कित्येक वर्षं तेवढ्यासाठीच तिकडे जायचो. त्याच गावात टीडी बँक बॉलपार्क नावाचं मैदान आहे, सॉमरसेट पेट्रिअट्स ही बेसबॉलची टीम तिथे खेळते, हे माहीत होतं पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेलो आणि तेव्हापासून दर सीझनला आठ-दहा मॅचेस होतातच. ह्या मैदानाबद्दल लिहायचं तर आम्ही तिथे कसे पोचलो ते आधी सांगायला हवं, तेव्हा जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

मी बेसबॉलच्या मोठ्या लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगमधल्या, एका टीमचं तिकिटांचं पॅकेज दरवर्षी घ्यायचो, टीमचं नाव नको. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कार्डावरून पैसे कापले गेले आणि २ डिसेंबरला मालकांनी लीगला टाळं लावलं. आदल्या रात्री खेळाडूंच्या युनियनबरोबरचा करार संपला होता. मी फोन करून विचारलं की मॅचेस होणार की नाही ते ठरेपर्यंत पैसे परत देता का, तर पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की पैसे क्रेडिट म्हणून जमा राहतील. तिचा काही दोष नव्हता, तिला जे सांगितलं ते ती बोलत होती. पण म्हणजे खेळ बंद, खेळाडूंना क्लबच्या दारात पाऊल टाकायला बंदी आणि माझे पैसे मालकाकडे.

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, यांकीजच्या ॲरन जजचा भक्त. त्याने लीगची वेबसाइट उघडली तर जजच्या नावापुढे फोटोच नाही, नुसती राखाडी सावली. सगळ्याच खेळाडूंचे फोटो काढून टाकले होते. तो मला विचारतो, बाबा, ह्यांनी काय केलं? मला पटकन उत्तरच देता येईना.

त्या आठवड्यात मुंबईला अण्णांना फोन केला तेव्हा सहज म्हटलं, इथे बेसबॉलवाल्यांचा संप चाललाय. अण्णा परळच्या मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांनी पुकारलेल्या संपात जे अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यातले एक, परत आत गेलेच नाहीत. त्यांनी लगेच विचारलं, संप कोणी पुकारला? म्हटलं पुकारला कोणी नाही, मालकांनीच बंद केलंय. तर म्हणाले, "मग संप कशाला म्हणतोस? संप आपण करतो. टाळं मालक लावतो." मी वीस वर्षं इथे राहून लॉकआउट आणि स्ट्राइक एकाच दमात बोलत होतो, आणि टीव्हीवरचे अर्धे लोकसुद्धा तेच करत होते. लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी आम्हा चाहत्यांच्या नावाने पत्र काढलं की टाळेबंदीमुळे वाटाघाटींना वेग येईल, आणि त्यानंतर मालकांकडून मुख्य पैशाच्या मुद्द्यांवर पहिला प्रस्ताव आला तो जानेवारी अर्धा सरत आल्यावर. सहा आठवडे. ह्याला वेग म्हणत असतील तर मला मराठीही येत नाही आणि इंग्लिशही.

टाळं एकूण ९९ दिवस राहिलं, १० मार्च २०२२ ला उघडलं. खेळाडूंचा वर्षाचा कमीत कमी पगार ५,७०,५०० डॉलरवरून ७ लाख झाला, आणि नव्या पोरांसाठी ५ कोटी डॉलरचा वेगळा बोनस निधी ठेवला गेला. सीझन एक आठवडा उशिरा सुरू झाला. पण त्या ९९ दिवसांत मी काय ते ठरवून टाकलं होतं, पॅकेज पुन्हा घ्यायचं नाही. आणि मुलाला बेसबॉल तर बघायचाच होता. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, अरे मायनर लीगला टाळं नव्हतं, ब्रिजवॉटरला जा.

मायनर लीग म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मोठ्या लीगच्या प्रत्येक टीमखाली चार पायऱ्यांच्या टीम असतात, ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए. पेट्रिअट्स आधी स्वतंत्र लीगमध्ये होते, २०२१ पासून न्यूयॉर्क यांकीजची डबल-ए टीम आहेत, म्हणजे वर जायला दोन पायऱ्या बाकी. क्लब चालवणारे वेगळे, पण खेळाडूंचा पगार यांकीज देतात. आपण जे तिकिटाचे पैसे देतो ते खेळाडूच्या खिशात जात नाहीत, हे मला नंतर कळलं आणि ते माहीत असलेलं बरं.

आता मैदान. सहा हजारांच्या आसपास खुर्च्या, त्यामुळे वाईट सीट अशी नाहीच. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रॅरिटन व्हॅली लाइनवरचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला अगदी लागून आहे, मॅच चालू असताना गाडी शिट्टी देत जाते आणि लहान पोरं खेळ सोडून तिकडे बघतात. आम्ही एडिसनहून २८७ हायवेवरून गाडीनेच जातो. मोठ्या लीगच्या मैदानात आमचे चौघांचे जेवढे पैसे जायचे त्यात इथे अख्खा महिना निघतो, खाणंपिणं धरून. मुलाला हॉट डॉग, आम्हाला प्रेट्झेल. एप्रिलच्या संध्याकाळी कडाक्याची थंडी असते, जाकीट नाही नेलं तर नऊपैकी पाचव्या इनिंगला उठून यावं लागेल.

आणि खरं सांगायचं तर ह्या मैदानाची खरी किंमत कुंपणाशी आहे. मॅचच्या आधी तासभर लवकर जा आणि कठड्याला टेकून उभे राहा. पहिल्याच दिवशी आमच्यापासून चार हातांवर एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बसला होता, बावीस-तेवीसचा पोरगा, ग्लोव्हची वादी तुटलेली, तो ती दातात धरून ओढत होता आणि गाठ मारत होता, गाठ सुटली, परत मारली, मग त्याने मान वर केली, मुलाकडे बघून हसला आणि म्हणाला जरा थांब हां, हात मोकळा झाला की सही देतो. दिली सही. नाव आम्हाला आजही नीट वाचता येत नाही. पण तो बॉल टीव्हीच्या बाजूला आहे.

जूनमध्ये अण्णा आले, पहिल्यांदाच अमेरिकेत. त्यांना घेऊन गेलो. खेळ त्यांना कळत नव्हता, दोन इनिंग नुसतं बघत बसले, मग विचारलं, "ह्या पोराला पगार किती रे?" मी मोबाइलवर बघितलं. डबल-एच्या खेळाडूला तेव्हा वर्षाला १३,८०० डॉलर मिळायचे, ते पण सीझनच्या आठवड्यांचेच, ऑक्टोबर ते मार्च जिमला जायचं, प्रॅक्टिस करायची ती सगळी फुकट. घरभाडं टीमने द्यायचं हा नियमच मुळात २०२२ पासून आला, त्याच्या आधी पाच-सहा जण मिळून एक फ्लॅट घ्यायचे आणि जमिनीवर हवेच्या गाद्या टाकून झोपायचे. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे बदली कामगार."

ज्यांच्या घरात कोणी गिरणीत नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो, बदलीवाला रोज सकाळी गेटवर येऊन उभा राहायचा, कायम कामगारांपैकी कोणी आलं नाही तर त्याला आत बोलवायचे, नाहीतर घरी. वर्षानुवर्षं. अण्णा स्वतः सात वर्षं बदली होते. ब्रिजवॉटरच्या त्या हिरव्यागार मैदानावर जी पोरं पळत होती ती बरोबर तशीच फोनची वाट बघत होती. मी इतकी वर्षं बेसबॉल बघतोय, मला हे दिसलं नव्हतं, त्यांना दोन इनिंगमध्ये दिसलं. पुढचा प्रश्न अर्थातच, "युनियन?" म्हटलं नाही. ते काही बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत गाडीत गप्प होते.

ते ऑगस्टच्या मध्याला परत गेले आणि ऑगस्टच्या शेवटी बातमी आली की मोठ्या लीगची युनियन मायनरच्या पोरांमध्ये युनियन हवी म्हणून सही करायची कार्डं वाटतेय. पाच हजारांच्या वर खेळाडू, विखुरलेले, दर आठवड्याला बसने दुसऱ्या गावी, आणि दोनेक आठवड्यांत निम्म्याच्या वर सह्या झाल्या, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लीगने मान्यतासुद्धा दिली. अण्णांना व्हॉट्सॲपवर कळवलं तर लगेच फोन, रात्रीचे साडेअकरा वाजले असतील मुंबईत. मार्च २०२३ मध्ये पहिला करार झाला आणि डबल-एचा पगार १३,८०० वरून ३०,२५० झाला. दुप्पटच्या वर. आजही न्यू जर्सीत तीस हजारात काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, पण गेटवर उभं राहण्याचे पैसे मिळायला लागले ही गोष्ट मोठी आहे. मात्र ह्याच युनियनने त्याआधी कित्येक वर्षं ह्या पोरांकडे ढुंकून बघितलं नव्हतं, तेही लिहायला पाहिजे. मोठ्या खेळाडूंच्या फायद्यासाठी मायनरवाल्यांचं नुकसान होणाऱ्या गोष्टी टेबलावर सोडून दिल्या होत्या. मी खेळाडूंच्या बाजूचा आहे म्हणून हे झाकणार नाही.

माझ्या ओळखीतले बरेच मराठी लोक म्हणतात, कोट्यधीश आणि अब्जाधीश भांडतायत, आपल्याला काय. मला ते अजिबात पटत नाही. जज किती कमावतो ते सगळ्यांना पाठ असतं, पण तो मायनरच्या पायऱ्या चढून आला आणि वर पोचल्यावरसुद्धा सुरुवातीची काही वर्षं खेळाडूला टीम देईल त्या पगारावर राबावं लागतं, ते कोणी बोलत नाही. १९६९ मध्ये कर्ट फ्लड ह्या खेळाडूला न विचारता सेंट लुइसच्या टीमने फिलाडेल्फियाच्या टीमला देऊन टाकलं तेव्हा तो नाही म्हणाला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ ला हरला, करिअर संपलं. आजचे खेळाडू टीम बदलू शकतात ते अशा माणसांमुळे. मग १९९४. १२ ऑगस्टला खेळाडूंनी संप केला, हा खरा संप, कारण मालकांना टीमच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा लादायची होती, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, रद्द झाली, १९०४ नंतर पहिल्यांदा. मॉन्ट्रियलची टीम त्या वर्षी ७४ जिंकून ४० हरून सगळ्यांच्या पुढे होती, पुढे दहा वर्षांत मॉन्ट्रियलमध्ये टीमच उरली नाही. १९९५ च्या वसंतात मालकांनी संपावरच्यांच्या जागी बदली खेळाडू आणून मॅचेस घ्यायचा घाट घातला, त्याला बाल्टिमोरच्या टीमचे मालक पीटर अँजेलोस यांनी नकार दिला, मालकांतला एकटा माणूस. ते मुळात कामगारांच्या केसेस लढणारे वकील होते. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा विचारून घेतलं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हे काही बघायला मिळत नाही, कारण खेळत्या खेळाडूंची युनियनच नाही. २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली ती माजी खेळाडूंची. म्हणून आपल्या लोकांना मालक-खेळाडू भांडण म्हटलं की खेळाडू हावरट वाटतात, असं मला वाटतं.

परत मैदानाकडे. २०२२ चा तो सीझन ज्यांनी बघितला ते नशीबवान. अँथनी व्होल्पी, इथल्याच वॉचंगचा मुलगा, वर्षाचा मोठा भाग इथे खेळला आणि पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) म्हणून उतरला. सप्टेंबरमध्ये पेट्रिअट्सनी त्यांची डबल-एमधली लीग जिंकली, आणि शेवटच्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट दिली नाही. मुलगा त्या रात्री गाडीत बसल्यावर ओरडून ओरडून घसा बसल्यामुळे बोलूच शकत नव्हता.

मोठ्या लीगचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. मालकांची नजर पुन्हा त्याच पगाराच्या कमाल मर्यादेवर आहे, अमेरिकेतल्या वेगवेगळ्या खेळांच्या चार मोठ्या लीगमध्ये फक्त बेसबॉलमध्येच ती नाही, आणि खेळाडू ती मान्य करतील असं मला दिसत नाही. मायनरच्या पोरांचा करार वेगळा आहे, त्यामुळे वर टाळं लागलं तरी खाली खेळ चालू राहायला हवा, २०२२ ला तसाच राहिला. फक्त जे खेळाडू मोठ्या टीमच्या चाळीस जणांच्या यादीत असतात ते टाळेबंदीत इथेसुद्धा खेळू शकत नाहीत, तेव्हा एखादं मोठं नाव डोक्यात ठेवून तिकीट काढणार असाल तर ती यादी आधी बघा.

बाकी कोणाला जायचं असेल तर शनिवारी मोठी गर्दी असते, मधल्या वारी जा, पोरांना शाळेतून थेट उचला, मंदिरात दर्शन घेऊन कॅन्टीनमध्ये खा आणि सहाच्या आत कठड्याशी पोचा. पेन आपलं न्या, बॉलवर उमटेल असं. खेळाडूकडे नसतं.